बेळगाव सीमाभागात कॅन्सर आणि पॅलिएटिव्ह केअरचं शिक्षण: नव्याने सुरुवात करणाऱ्या डॉक्टर, सिस्टर आणि सीएचओंसाठी

निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळण्यात आणि विड्या वळण्यात आयुष्य गेलेल्या बायका, मिश्री लावल्याशिवाय ज्यांचा दिवस सुरू होत नाही अशा खानापूरकडच्या आज्ज्या, गालात मावा धरून कॉलेजला जाणारी पोरं. आपल्या भागात तोंडाचा कॅन्सर का दिसतो हे कुणाला समजावून सांगायला नको. या पेशंटचे उपचार कुणाचे बेळगावात होतात, कुणाचे मिरजेला, कोल्हापूरला, हुबळीला, तर कुणाचे मुंबईत टाटाला. मग जाडजूड फाईल पिशवीत घालून माणूस गावी परततो. रात्री अकरा वाजता दुखणं असह्य झालं की फोन मात्र त्या मोठ्या हॉस्पिटलला जात नाही, तुम्हाला येतो.

तुम्ही म्हणजे गावातले एमबीबीएस किंवा आयुर्वेदाचे डॉक्टर, तालुका हॉस्पिटलच्या सिस्टर, आयुष्मान आरोग्य मंदिरातले, म्हणजे सरकारी उपकेंद्रातले सीएचओ (कम्युनिटी हेल्थ ऑफिसर), मेडिकल दुकान चालवणारे फार्मासिस्ट, फिजिओ. कॉलेजात आपल्याला कॅन्सर ओळखायला शिकवलं, त्याच्या स्टेज पाठ करून घेतल्या. तो बरा होणार नसेल तेव्हा पेशंटसाठी काय काय करता येतं, हे आपल्यापैकी बहुतेकांना कुणी शिकवलंच नाही. 2019 पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात वेदना आणि पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणाऱ्या काळजीचा, भाग आला आहे. त्याआधी पास झालेल्यांनी ही उणीव आपणहून भरून काढायची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात पॅलिएटिव्ह केअरची गरज असलेल्यांपैकी सुमारे 14 टक्के लोकांनाच ती मिळते, आणि प्रशिक्षित माणसांची कमतरता हे त्यामागचं एक मोठं कारण आहे. म्हणजे दुरुस्ती आपल्या हातातली आहे.

मी या भागात हेच काम करते आणि नव्या मुलामुलींना शिकवतेही. त्या अनुभवावरून कोर्स निवडायची माझी एकच कसोटी आहे: हा कोर्स झाल्यावर माझ्या पेशंटच्या घरी काय बदलेल? उत्तर सुचत नसेल तर तो कोर्स तूर्त बाजूला ठेवा.

आधी स्वतःचे पेशंट बघा, मग कोर्स

बरेच जण उलटं करतात. व्हॉट्सॲपवर जाहिरात आली की नाव नोंदवतात. त्यापेक्षा एक साधी वही घ्या. गेल्या वर्षभरात तुमच्याकडे आलेले, किंवा घरी जाऊन पाहिलेले कॅन्सरचे पेशंट आठवा. प्रत्येकापुढे एक ओळ लिहा: याच्यासाठी मला काय करता आलं नाही?

यादी बहुतेक अशी निघते. ट्रामाडॉल देऊनही दुखणं थांबेना. उलट्या थांबेनात. जखमेचा वास. नळीतून काय भरवायचं हे घरच्यांना सांगता येईना. मुलगा म्हणाला आजार सांगू नका, आणि पेशंट हात धरून विचारतोय, मला काय झालंय. हीच तुमची अभ्यासाची यादी. कुणाची यादी वेदनेने भरलेली असेल, कुणाची जखमांनी. दोघांना लागणारा कोर्सही वेगळा.

वासाचंच घ्या, कारण सीमाभागात तोंडाच्या आणि स्तनाच्या उघड्या जखमा फार पाहाव्या लागतात. वासामुळे खाट सोप्यातून मागच्या पडवीत जाते, नातवंडं जवळ यायची थांबतात, पेशंट जेवण सोडतो. घरच्यांना वाटतं, आता काही इलाज नाही. इलाज आहे, आणि स्वस्त आहे. अर्धा लिटर पाणी उकळून गार करायचं, त्यात एक चमचा मीठ घालायचं. जुनी पट्टी ओढून काढायची नाही. याच पाण्याने पूर्ण भिजवायची आणि सुटू द्यायची, म्हणजे रक्त येत नाही. जखमेवरून तेच पाणी हलक्या हाताने ओतायचं. मग मेट्रोनिडॅझोलच्या साध्या गोळ्या कुटून केलेली बारीक पूड जखमेवर भुरभुरायची, वर गॉज, त्यावर जुन्या धुतलेल्या सुती कापडाची घडी. रोज एकदा, स्राव जास्त असेल तर दोनदा. काही दिवसांतच वास बराच उतरतो. वास येतो तो जखमेतल्या मेलेल्या पेशींवर वाढणाऱ्या, हवेशिवाय जगणाऱ्या जंतूंमुळे, आणि हे औषध नेमकं त्यांच्यावर चालतं. जखम भरून येणार नाही, तसं घरच्यांना सांगून टाका. पण खाट पुन्हा सोप्यात येते. हे करायला मोठं हॉस्पिटल लागत नाही. कुणीतरी एकदा आपल्यासमोर करून दाखवावं लागतं, एवढंच.

नोंदणी आणि क्रेडिट: हे आधी उरका

कर्नाटक मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी होतं आणि त्यासाठी 30 क्रेडिट तास दाखवावे लागतात. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचाही आकडा पाच वर्षांत 30 असाच आहे. नर्सिंगमध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलने पाच वर्षांत 150 तासांचं निरंतर शिक्षण धरलं आहे.

आपल्याकडे गोंधळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. शिक्षण कोल्हापूर-सांगलीला, नोकरी किंवा दवाखाना निपाणी-चिक्कोडीला, आणि कार्यशाळा मिरजेला. कार्यक्रमाला क्रेडिट दिलेलं असतं एका राज्याच्या कौन्सिलने, तुमची नोंदणी असते दुसऱ्या कौन्सिलकडे. म्हणून पैसे भरण्याआधी आयोजकांना दोन प्रश्न विचारा: क्रेडिट कुठल्या कौन्सिलचं, आणि माझ्या कौन्सिलला ते चालेल का? उत्तर लेखी मागा, ईमेल पुरतो. प्रमाणपत्रावरचं नाव नोंदणीतल्या नावाशी जुळतंय का ते तिथल्या तिथे बघून घ्या. लग्नानंतर आडनाव बदललेल्या सिस्टरांना याचा विशेष त्रास होतो.

क्रेडिट महत्त्वाचं आहे, नोंदणी टिकवायलाच हवी. पण जेवणासकट दोन तासांच्या हॉटेलातल्या भाषणाने क्रेडिट वाढतं, हात शिकत नाहीत. दोन्ही मिळतील असे कार्यक्रम आहेत, ते शोधा.

पाया घालणारा पहिला कोर्स

अगदी नव्या माणसाला मी इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा सर्टिफिकेट कोर्स सुचवते. ही संघटना 1994 पासून काम करते आहे. तिचा इसेन्शियल्स ऑफ पॅलिएटिव्ह केअर हा कोर्स डॉक्टर आणि नर्स दोघांसाठी आहे: पुस्तिका घरी वाचायची, थोडे वर्ग, शेवटी परीक्षा. नोकरी सांभाळून होतो. देशभर बऱ्याच हॉस्पिटलांत त्याची केंद्रं असतात, म्हणून नाव नोंदवताना जवळचं केंद्र कुठलं चालू आहे ते विचारा.

दुसरी वाट केरळची. तिरुवनंतपुरमची पॅलियम इंडिया ही संस्था डॉ. एम. आर. राजगोपाल यांनी सहकाऱ्यांबरोबर 2003 मध्ये सुरू केली. तिथली प्रशिक्षण संस्था वेदनाशमनाच्या प्रशिक्षणासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं सहयोगी केंद्र आहे. डॉक्टर आणि नर्सचे तिथे राहून करायचे कोर्स आहेत, शिवाय ऑनलाइन वर्गही. कोझिकोडला 1993 मध्ये मेडिकल कॉलेजच्या आवारात पेन अँड पॅलिएटिव्ह केअरचं काम सुरू झालं आणि त्यातून गावोगावच्या स्वयंसेवकांची साखळी उभी राहिली. तिथली इन्स्टिट्यूट ऑफ पॅलिएटिव्ह मेडिसिनही प्रशिक्षण देते. सलग काही आठवडे सुट्टी मिळणं शक्य असेल तर केरळला जाच. घरी जाऊन पेशंट बघणं म्हणजे काय, हे तिथल्या नर्सबरोबर गाडीत बसून फिरल्यावर जसं कळतं तसं कुठल्याच वर्गात कळत नाही.

ज्यांना घर सोडता येत नाही त्यांच्यासाठी ईको पद्धतीचे वर्ग आहेत. 2003 मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठात डॉ. संजीव अरोरा यांनी ही पद्धत सुरू केली, ती खेड्यातल्या डॉक्टरांना तज्ज्ञांशी जोडण्यासाठीच. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी सगळे व्हिडिओवर जमतात. थोडा वेळ एका विषयावर बोलणं, मग कुणीतरी आपला पेशंट मांडतो, नाव-गाव न सांगता, आणि सगळे मिळून त्यावर बोलतात. मी सांगते, पहिल्या महिन्यातच स्वतःचा एक पेशंट मांडा. नुसतं ऐकत बसलात तर दोन वर्गांनंतर मोबाईल दुसरीकडे जातो. नोएडाची राष्ट्रीय कर्करोग प्रतिबंध आणि संशोधन संस्था, म्हणजे आयसीएमआरची एनआयसीपीआर, याच पद्धतीने कॅन्सर तपासणीचे वर्ग घेते. सीएचओ आणि सिस्टरनी ते जरूर करावेत. ई-कॅन्सर या संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत वाचायचे आणि बघायचे धडे आहेत, पण इंग्रजी बऱ्यापैकी लागतं.

जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला, तसंच जोयडा-हल्याळच्या जंगलपट्ट्यात रेंज पावसाळ्यात दगा देते. वर्गाच्या दिवशी तालुक्याला येऊन बसा. तालुका हॉस्पिटलच्या मीटिंगच्या खोलीत एकाच स्क्रीनवर चार-पाच जणांनी मिळून वर्ग करणं मला तर घरच्या एकट्याच्या वर्गापेक्षा चांगलं वाटतं. वर्ग संपल्यावर चहा होतो आणि खरे प्रश्न तेव्हाच निघतात.

डोळ्यांनी बघायला कुठे जायचं

कोर्स ऑनलाइन असला तरी काही दिवस तरी वॉर्डात काढा. बेळगावात केएलईचं प्रभाकर कोरे हॉस्पिटल आहे, आणि जानेवारी 2025 मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते उद्घाटन झालेलं कॅन्सर हॉस्पिटलही. सरकारी बाजूला बिम्स मेडिकल कॉलेजचं सिव्हिल हॉस्पिटल. हुबळीला नवनगरचं कर्नाटक कॅन्सर थेरपी अँड रिसर्च इन्स्टिट्यूट, मिरजेला सिद्धिविनायक गणपती कॅन्सर हॉस्पिटल. निपाणीकरांना कोल्हापूर चाळीसेक किलोमीटरवर, बेळगावपेक्षा जवळ. बेंगळुरूला सरकारी किदवाई संस्था आहे, आणि करुणाश्रय हे हॉस्पिस, जिथे शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर पेशंटची सेवा विनामूल्य होते. नर्सिंगची बारीक कामं पाहायला करुणाश्रयसारखी जागा नाही. मुंबईत टाटा मेमोरियलच्या पॅलिएटिव्ह मेडिसिन विभागात 2012 पासून एमडीही होतं. पुढे याच विषयात तज्ज्ञ व्हायचं असेल तर ती दिशा.

माझं मत विचाराल तर पहिली भेट तुमचे पेशंट जिथून येतात तिथेच द्या. निपाणीचे कोल्हापूरला, खानापूरचे बेळगावला. तिथल्या विभागप्रमुखांना साधं पत्र लिहा: मी अमुक गावी काम करतो, तुमच्याकडून परतलेल्या पेशंटची पुढची काळजी घेण्यासाठी मला काही दिवस तुमची ओपीडी आणि ड्रेसिंगची खोली बघायची आहे. नोंदणीची प्रत जोडा, हिपॅटायटिस-बीची लस झाल्याचा कागद जोडा. सरकारी नोकरीत असाल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांची (टीएचओ) परवानगी आधी घ्या. अशा पत्राला नकार सहसा येत नाही, कारण गावात कुणीतरी शहाणं माणूस असणं हे त्यांनाही हवंच असतं. आणि तिथून परतताना एका डॉक्टरांचा, एका सिस्टरचा फोन नंबर तुमच्याकडे असतो. पुढची पाच वर्षं तो उपयोगी पडतो.

तिथे नेमकं काय बघायचं ते ठरवून जा. ट्रॅकिओस्टॉमीची, म्हणजे श्वासासाठी गळ्यात बसवलेली नळी साफ करणं. नाकातून पोटात जाणारी रायल्स ट्यूब बसवणं आणि ती घशाऐवजी पोटातच आहे याची खात्री करणं. स्टोमाची, म्हणजे पोटावर केलेल्या मलमूत्राच्या वाटेची पिशवी बदलणं. स्तनाच्या ऑपरेशननंतर सुजलेल्या हाताला पट्टी बांधणं. बटरफ्लाय सुई कातडीखाली बसवून घरीच औषध देणं. गिळता न येणाऱ्या पेशंटला याने केवढा आराम पडतो.

मॉर्फिन: इथे थोडं थांबा

सगळ्यात जास्त भीती तीव्र वेदनेवरच्या या औषधाची, आणि सगळ्यात जास्त गरजही याचीच.

अंमली पदार्थांवरच्या 1985 च्या एनडीपीएस कायद्यानंतर देशात मॉर्फिन मिळणं इतकं किचकट झालं की डॉक्टरांच्या दोन पिढ्यांनी ते वापरलंच नाही. 2014 मध्ये कायदा सुधारला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन यांच्यासह सहा औषधं अत्यावश्यक ठरली आणि अनेक परवान्यांच्या जागी राज्याच्या औषध नियंत्रकांची एकच मान्यता पुरेशी झाली. अशा मान्यताप्राप्त हॉस्पिटलला आरएमआय म्हणतात. त्यासाठी वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला ॲलोपॅथीचा डॉक्टर असावा लागतो, कुलूपबंद साठा असावा लागतो, गोळी न् गोळीची नोंद लागते. म्हणजे तुमच्या हॉस्पिटलातल्या एका डॉक्टरने प्रशिक्षण घेतलं तर तालुक्याच्या ठिकाणी मॉर्फिन मिळण्याचा रस्ता उघडू शकतो. एका प्रमाणपत्राचा एवढा थेट उपयोग दुसरीकडे क्वचितच होतो. तोवर तुमच्या सर्वांत जवळचं आरएमआय कुठलं, हे शोधून ठेवा.

वर्गात यातल्या प्रत्येक गोष्टीचा सराव होतो, तरी नव्या माणसाने डोक्यात ठेवावं असं थोडं सांगते. गोळी तोंडाने, आणि घड्याळाप्रमाणे. दुखेल तेव्हा घ्या, असं नाही. साध्या गोळीचा परिणाम चार तास टिकतो, म्हणून दर चार तासांनी. पूर्वी कधी न घेतलेल्या मोठ्या माणसाला साधारण 5 मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात. खूप म्हातारं किंवा किडनी कमजोर असेल तर 2.5 पासून, आणि अंतर वाढवून. मधेच कळ आली तर द्यायचा जादा डोस दिवसभराच्या एकूण डोसच्या सहाव्या भागाएवढा. मॉर्फिन लिहिलं की त्याच चिठ्ठीवर पोट साफ ठेवणारी गोळी, बिसाकोडिल किंवा सेन्ना, लिहायचीच. गुंगी आणि मळमळ काही दिवसांत कमी होते, बद्धकोष्ठ मात्र कमी होत नाही. अचानक बंद करायचं नाही. आणि हाडात पसरलेल्या कॅन्सरची (बोन मेटास्टेसिस) किंवा नस दाबल्याची वेदना एकट्या मॉर्फिनने भागत नाही, जोडीला दुसरी औषधं लागतात; ती कोणती हे शिकायलाच तर कोर्स.

सीमेवरची खास अडचण अशी: पेशंटला गोळ्या मिळालेल्या असतात महाराष्ट्रातल्या हॉस्पिटलातून, आणि घर असतं कर्नाटकात. कागदावरच्या गोळ्या मोजा. संपायच्या आठवडाभर आधी नातेवाइकांना परत पाठवा, सोबत तुमची चिठ्ठी: सध्याचा डोस, जादा डोस किती वेळा लागला, संडास होते का. रविवारी रात्री गोळी संपलेली कळणं पेशंटसाठी फार वाईट असतं.

वेदना मोजायला शून्य ते दहाचा आकडा शिकवतील. शिकलेल्या माणसाला तो जमतो. सत्तरीच्या पुढच्या आज्जीला मी विचारते, "आज्जी, सोळा आण्यांतलं किती आणे दुखतंय?" त्या लगेच सांगतात: रात्री चौदा आणे होतं, आत्ता सहा. कागदावर तोच आकडा लिहा, आणि पुढच्या भेटीत तसंच विचारा.

लवकर ओळखण्याचं शिक्षण

हा भाग सरकारी यंत्रणेत आधीच आहे, म्हणून थोडक्यात. 30 वर्षांवरच्या सगळ्यांची तोंडाची, आणि बायकांची स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी हा राष्ट्रीय कार्यक्रमाचाच भाग आहे. प्रशिक्षणाला बोलावणं आलं की हजेरी लावून परतू नका; टॉर्च हातात घेऊन स्वतः तोंडं तपासा. न पुसला जाणारा पांढरा चट्टा, लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, स्वतःची तीन बोटं उभी आत जाणार नाहीत इतकं आखडलेलं तोंड. गर्भाशयमुखाला ॲसिटिक ॲसिड लावून बघायची व्हीआयए तपासणी सिस्टर उत्तम शिकतात. फक्त सुरुवातीला अनुभवी हाताखाली भरपूर तपासण्या व्हायला हव्यात. संशय आला तर पेशंट कुठे, कुणाकडे, कुठल्या वारी पाठवायचा, हे ठरलेलं नसेल तर तपासणी सुरूच करू नका. चट्टा सापडला आणि पुढची वाट माहीत नाही, यात पेशंटचं नुसतं मन कुरतडतं.

नॅशनल कॅन्सर ग्रिड 2012 पासून आहे, आणि त्यांच्या उपचार-मार्गदर्शिका मोफत वाचायला मिळतात. मोठ्या हॉस्पिटलच्या फाईलमध्ये काय चाललंय ते समजायला त्या उघडून बघा.

बोलायला शिकणं

हे वर्गात सगळ्यांना सोपं वाटतं आणि घरी गेल्यावर सगळ्यांत अवघड जातं. तुम्ही पेशंटला बघून बाहेर येता, मुलगा तुम्हाला तुळशीकट्ट्यापाशी गाठतो. "डॉक्टर, तात्यांस्नी कायबी सांगू नका बघा. हाय खातील." रागावू नका, तो प्रेमापोटीच बोलतोय. त्याला विचारा, तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते? तात्यांनी स्वतः कधी काही विचारलंय का? मग सांगा, "मी आपणहून काही सांगणार नाही. पण तात्यांनी मला सरळ विचारलं तर त्यांच्याशी खोटंही बोलणार नाही." आणि आत जाऊन तात्यांशेजारी बसा, उभं राहू नका. "तात्या, तुम्हाला काय वाटतंय, कसलं दुखणं असेल हे?" एवढं विचारून गप्प बसा. माझा अनुभव असा की बहुतेक तात्यांना सगळं आधीच ठाऊक असतं, आणि पोराला वाईट वाटेल म्हणून तेच गप्प असतात.

असे प्रसंग सहकाऱ्यांबरोबर खेळून बघा. एक जण तात्या, एक जण मुलगा, एक जण डॉक्टर. पहिल्यांदा लाज वाटते. तरीही करा, आणि ते मराठीतच करा. कोर्स इंग्रजीतून होतो, पण "आता या आजारावर औषध उरलं नाही, त्रासावर मात्र आहे" हे वाक्य आपल्या तोंडी सहज बसायला सराव लागतो. गोकाक-अथणीकडच्या घरात गेलात तर "एल्लि नोवु ऐते?", "रात्री निद्दे बंता?" एवढं तरी कन्नडमधून विचारता यावं. तुमच्या कन्नड सिस्टर आनंदाने शिकवतील, तुम्ही त्यांना मराठी शिकवा. गोळ्यांचं वेळापत्रक लिहिताना वाचता न येणाऱ्यांसाठी सूर्य-चंद्र काढा आणि गोळी चिकटपट्टीने कागदावर लावून द्या.

पैसा, सुट्टी, वेळ

ऑनलाइन कोर्सची फी सहसा परवडते. राहून करायच्या कोर्सला शिष्यवृत्ती आहे का हे विचारायला संकोच करू नका, कारण नर्सना बरेचदा मिळते. सरकारी कर्मचाऱ्यांनी अर्ज जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या (डीएचओ) कार्यालयात लवकर द्यावा आणि त्यात तालुक्याला काय उपयोग होईल ते स्पष्ट लिहावं. खासगी दवाखानावाल्यांनी शेजारच्या डॉक्टरशी अदलाबदल ठरवावी.

शिकलेलं आशांपर्यंत न्या

पेशंटच्या घरी तुमच्याआधी आशाताई पोचते. म्हणून कोर्स झाल्यावर पहिल्या तीन महिन्यांत उपकेंद्रावर एक दुपार त्यांच्यासाठी ठेवा. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलणं, मीठ-सोड्याच्या पाण्याने तोंड साफ ठेवणं, नळीतून भरवताना डोकं उंच ठेवणं, हे गादीवर एकमेकींना झोपवून करून घ्या. भाषण नको.

त्यानंतर कुठल्या पेशंटसाठी त्याच दिवशी फोन करायचा, हे पक्कं करून घ्या. केमोनंतर आठ-पंधरा दिवसांत ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच हॉस्पिटल गाठायचं, कारण तेव्हा पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात. कॅन्सरच्या पेशंटला पाठदुखी आणि पायांतली ताकद अचानक कमी झाली, किंवा लघवी अडली, तर मणक्याच्या नसेवर दाब आलेला असू शकतो. काही तासांचा उशीर कायमचं पांगळं करतो. मॉर्फिन घेणारा माणूस भलतंसलतं बोलू लागला, उठवूनही नीट जागा होत नसला, किंवा लघवी खूप कमी झाली, तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. मानेच्या जखमेतून ताजं रक्त आलं तर गडद रंगाचा टॉवेल दाबून धरायचा आणि एकाने पेशंटजवळच थांबायचं.

हे चार मुद्दे मराठी आणि कन्नड दोन्हींत मोठ्या अक्षरात छापून घ्या. खाली दोन रिकाम्या ओळी सोडा: एक तालुका हॉस्पिटलच्या नंबरसाठी, दुसरी पेशंट जिथे उपचार घेतो तिथल्या सिस्टरच्या नंबरसाठी. दोन्ही नंबर आशाताईने पेशंटच्या घरच्यांसमोर हाताने लिहायचे आणि कागद भिंतीवर लावायच्या आधी एकदा फोन लावून बघायचे.